चुकीचा धनी

कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा परिसंवाद कुठलाही असो, समारोपाचे भाषण ठरलेले असते. यंत्र हमाली करील, माणूस सर्जन करील. यंत्राने वेग द्यावा, माणसाने मूल्ये जपावीत. दोघांचा समतोल साधला की सगळे सुखाने नांदतील. टाळ्या होतात, शाल-श्रीफळ होते, वक्ते चहाला जातात. वाद घालावा असे या भाषणात काही सापडत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. मालक, नोकर, मंत्री आणि यंत्र विकणारा असे चौघेही ज्या विधानाला बिनतक्रार होकार देतात, त्या विधानाने चौघांपैकी एकावरही कसलेच बंधन आलेले नसते.

तरीही पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. प्रतिपक्षाचे बुजगावणे करून त्याला झोडपण्यात मर्दुमकी नाही, आणि या पूर्वपक्षाची बाजू लंगडीही नाही. अमेरिकेतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकसेवा विभागातल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांचा एरिक ब्रिन्यॉल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्राहकाशी चॅटवर बोलणाऱ्याला पुढे काय लिहावे ते यंत्र सुचवत होते. ती सूचना घ्यायची की सोडायची हे कर्मचाऱ्याने ठरवायचे. तासाला निकालात निघणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्क्यांची होती. ग्राहकांचा सूर मवाळ झाला, ‘तुमच्या साहेबांना बोलवा’ ही मागणी कमी झाली, नोकरी सोडून जाणारेही घटले. त्याच वर्षी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ७५८ सल्लागारांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या हाताशी यंत्र होते त्यांनी नेमून दिलेली कामे सुमारे एक चतुर्थांश वेळ वाचवून उरकली, आणि ती अधिक चांगली केली. तेव्हा ‘हा सगळा फुगा आहे, फुटेल’ म्हणत हातावर हात ठेवून बसणाऱ्यांशी मला बोलायचे नाही. यंत्र काम करते.

पण त्या ३४ टक्क्यांकडे जरा जवळून पाहू. नवख्याला जे सुचवले जात होते ते आले कुठून? त्याच विभागातल्या उत्तम कर्मचाऱ्यांच्या जुन्या संभाषणांतून. संतापलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचे, मग त्याच्या नेमक्या अडचणीचा उच्चार करायचा, उपाय सांगताना कुठला प्रश्न आधी विचारायचा, ही वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आलेली हातोटी यंत्राने टिपून घेतली आणि काल आलेल्या पोराच्या पडद्यावर ठेवली. त्या पोराचे भले झाले, कंपनीचे त्याहून भले झाले. ज्यांची हातोटी होती त्यांच्या कामात मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. शिकवल्याबद्दल त्यांना काय मिळावे, हा प्रश्न या अभ्यासकांनाही पडला.

म्हणजे ‘हमाली यंत्राची, सर्जन माणसाचे’ ही वाटणी इथे उलटी झाली. यंत्राने उचलले ते अनुभवी माणसाचे कसब. नवख्याकडे उरले ते सुचवलेले वाक्य पाठवण्याचे बटण. परिसंवादातल्या वक्त्यांना हा अभ्यास माहीत असतो, ते त्यातला ३४ टक्क्यांचा आकडा पडद्यावर दाखवतातही. आकड्याच्या पोटात काय आहे ते सांगायला मात्र वेळ पुरत नाही.

दुसरी गोष्ट या हमालीचीच. हलके, कंटाळवाणे काम यंत्राने न्यावे आणि माणसाने थेट वरच्या मजल्यावर राहायला जावे, या कल्पनेत जिना कुठे आहे ते कोणी सांगत नाही. मराठी दैनिकात नवा उपसंपादक रुजू झाला की त्याला अग्रलेख लिहायला कोणी देत नाही. त्याच्या वाट्याला येतात निधनवार्ता, ‘आजचे कार्यक्रम’, बाजारभाव आणि तालुक्याच्या वार्ताहरांच्या बातम्या. निधनवार्तेचा साचा तर पिढ्यान्पिढ्या तोच: गाव, वय, अल्पशा आजाराने, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. यंत्राला कुठले काम द्यावे असे विचारले तर सगळी कचेरी आधी याच टेबलाकडे बोट दाखवील. साचा भरायला माणूस लागत नाही हे खरेच आहे.

पण त्या टेबलावर काय चाललेले असते? आडनाव कुलकर्णी की कुळकर्णी, हे घरी फोन करून विचारावे लागते; चुकले तर सकाळी सातला पुतण्याचा फोन वाजतो. पहिल्या पत्नीच्या मुलांना ‘परिवारात’ धरायचे की नाही यावरून एकाच घरातले दोन भाऊ दोन वेगळ्या चिठ्ठ्या पाठवतात. कधी कोणी खोडसाळपणे धडधाकट माणसाचे निधन कळवतो. मुख्य उपसंपादक कागदावरून नजर न उचलता विचारतो, ‘खात्री केलीस?’ ‘हो’ म्हणताना आवाज जरा अडखळला की पुन्हा फोन करायला लावतो. जो मुलगा वर्षभर हे करतो त्याला एक सवय लागते: छापण्याआधी थांबायची. पुढे कधी रात्री साडेअकराला घाटातल्या अपघाताची बातमी येते, वार्ताहर पाच म्हणतो, पोलीस सात म्हणतात, रुग्णालय फोन उचलत नाही आणि पान सोडायला दहा मिनिटे असतात. तेव्हा कामी येते ती हीच सवय. ती पत्रकारितेच्या पदवीत मिळत नाही. निधनवार्तांच्या टेबलावर मिळते. ते टेबल काढून टाकायला माझी हरकत नाही, पण तिथे जे शिकले जायचे ते आता कुठे शिकायचे, हे टेबल काढणाऱ्याने आधी सांगावे.

आणि शिकलेले टिकते का, हा निराळाच प्रश्न. पोलंडमधल्या चार केंद्रांतल्या मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासण्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’च्या पोटविकारविषयक नियतकालिकात ऑगस्ट २०२५ मध्ये आला. आतड्यातल्या गाठी शोधायला यंत्राची मदत घ्यायची सवय झालेले डॉक्टर यंत्राविना तपासणी करताना पूर्वीपेक्षा कमी गाठी शोधू लागले: आधी २८.४ टक्के तपासण्यांत गाठ सापडायची, नंतर २२.४ टक्क्यांत. हे शिकाऊ डॉक्टर नव्हते. प्रत्येकाच्या हातून दोन हजारांहून अधिक तपासण्या झालेल्या होत्या. एका अभ्यासाने निकाल लागत नाही, आणि यंत्र चालू असताना रुग्णाचा फायदा होतो हेही खोटे नाही. पण ‘यंत्र साहाय्यक आहे, कसब माणसाचेच’ असे बेलाशक सांगणाऱ्यांनी हा आकडा एकदा समोर ठेवून बोलावे.

आता दुसऱ्या छावणीकडे वळतो, कारण तिथे माझे मित्र अधिक आहेत. लेखक, चित्रकार, गायक म्हणतात, यंत्राला वेदना नाही, बालपण नाही, मरणाचे भय नाही. मग त्याला सर्जन कसे जमणार? आपण सुरक्षित. या युक्तिवादात आत्मगौरव भरपूर आणि निरीक्षण थोडे आहे. पगारी सर्जनातले किती काम वेदनेतून येते? ‘वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा’ची फ्लेक्स, साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालातले अध्यक्षांचे मनोगत, मालिकेचा चारशेवा भाग, दिवाळी अंकात दरवर्षी येणारा ‘बदलते कुटुंब’ हा लेख, हे सगळे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी यांत्रिक झाले होते. ते यंत्राने नेले तर आसवे ढाळू नयेत.

धोका वेगळाच आहे. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउसर यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अगदी छोट्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, काहींना यंत्राकडून कल्पना घ्यायची मुभा होती. यंत्राची मदत घेतलेल्या गोष्टी वाचकांना अधिक सरस वाटल्या, विशेषतः ज्यांचा हात मुळात बेताचा होता त्यांच्या. पण त्या सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकमेकींसारख्या निघाल्या. प्रत्येकाचा फायदा झाला आणि सगळ्यांचे मिळून नुकसान झाले. हे नुकसान ‘यंत्राला आत्मा नाही’ या वाक्याने दिसतही नाही, टळतही नाही. संपादकाच्या टेबलावर आलेल्या चाळीस कथांपैकी कुठल्या परत पाठवायच्या, हे ठरवणारा कोणी जागा असेल तरच ते टळते.

शिवाय आत्म्याच्या या वादात मालकीचा प्रश्न अलगद बाजूला पडतो. आनंद एल. राय यांच्या २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा चित्रपटगृहांत आली, तेव्हा तिचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा नायक इथे डोळे उघडतो. दिग्दर्शकाने आणि नायकाचे काम केलेल्या धनुषने जाहीर निषेध केला. निर्मिती कंपनीचे उत्तर कायद्याचे होते: हक्क आमचे आहेत. आणि कायद्यात तिची बाजू भक्कम आहे, कारण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. यंत्राच्या सर्जनशीलतेचा यात काय संबंध? मानवी संकलकाला बसवून हाच शेवट बदलला असता तरी अन्याय तेवढाच होता. यंत्राने तो स्वस्त केला, एवढेच.

असाच प्रकार आवाजाचा. अरिजित सिंगला २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध संरक्षण दिले, ते योग्यच झाले. परंतु अंधेरीच्या एखाद्या डबिंग स्टुडिओत दिवसाच्या बिदागीवर कार्टूनमधल्या अस्वलाला मराठी आवाज देणारा कलाकार उच्च न्यायालयात जाणार आहे का? त्याच्यासमोर आलेल्या कागदावर ‘सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी’ असे शब्द असतील तर त्याचा आवाज कधी विकला गेला हे त्याला कळायचेही नाही. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या चित्रपटासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा उभे केले, तेव्हा कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. मला तरीही तो प्रयोग रुचला नाही, पण रुचणे न रुचणे ही माझी खासगी बाब. विचारले आणि पैसे दिले, ही सार्वजनिक बाब. आणि तिथे रहमान बरोबर आहेत.

मग समतोलवाद्यांचा हुकमाचा एक्का बाहेर येतो: काहीही झाले तरी शेवटी माणूस असणारच. यंत्र फक्त सुचवणार, अंतिम निर्णय माणसाचा. कंपन्यांच्या धोरणपत्रकांत, सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत, यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात, सगळीकडे हा शेवटचा माणूस उभा केलेला असतो. मूल्ये, विवेक, करुणा यांचा सगळा भार त्या एकट्याच्या डोक्यावर. त्याला वेळ किती दिला आहे, त्याच्या हातात नाही म्हणायचा अधिकार आहे का, आणि नाही म्हटल्यावर त्याच्या बढतीचे काय होते, याबद्दल चकार शब्द नसतो. बहुतेक ठिकाणी हा शेवटचा माणूस म्हणजे दारोदार फिरणारा नंदीबैल: विचारले की मान हलवायची.

आपल्याच दारचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याच्या चेहराविरहित मूल्यांकन यंत्रणेचा एक आदेश रद्द केला. एका कंपनीने आपले उत्पन्न सुमारे ३ कोटी दाखवले होते; आदेशाने ते जवळपास २८ कोटी ठरवले. आधाराला न्यायालयांचे तीन निवाडे दिले होते आणि ते तिन्ही अस्तित्वातच नव्हते. शिवाय कंपनीच्या पुरवठादाराने खात्याच्या नोटिशीला उत्तर दिले नाही असे आदेशात म्हटले होते. प्रत्यक्षात त्याने बिले जोडून उत्तर दिलेले होते. या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात यंत्रणा जे पुढे टाकते त्यावर विसंबायची प्रवृत्ती असते, पण अर्धन्यायिक काम करणाऱ्याने ते पडताळल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाला बजवावे लागले. इथे शेवटचा माणूस होता. अधिकारी होता, कायद्याने दिलेला अधिकार होता, आदेशाला अधिकृत मोहोर होती. नव्हती ती पडताळणी. कायद्याच्या कुठल्याही कारकुनाला अर्ध्या तासात जमली असती अशी.

कंपनीला निदान वकील मिळाला. तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. अपात्र ठरवायला ‘समग्र वेदिका’ ही यंत्रणा वापरात होती. ती वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी नावावरून आणि पत्त्यावरून एकमेकींना जोडते. नावातल्या साधर्म्यामुळे रिक्षा ओढणाऱ्याच्या खात्यावर मोटार चढली आणि त्याच्या घरचे धान्य बंद झाले. मोटार आपली नाही हे सांगणारे कुटुंब समोर उभे असताना अधिकाऱ्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की घरोघरी जाऊन पडताळा. त्या अधिकाऱ्यांना दुष्ट म्हणायची मला घाई नाही. पडद्याच्या विरुद्ध जाऊन धान्य चालू ठेवले आणि उद्या ऑडिटमध्ये आक्षेप आला तर उत्तर त्यांनी द्यायचे. पडद्याचे ऐकले तर कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही. अशा व्यवस्थेत माणूस काय करील ते सांगायला ज्योतिषी नको. मघाच्या ७५८ सल्लागारांच्या प्रयोगातही यंत्राला न झेपणारा एक प्रश्न मुद्दाम ठेवला होता. तिथे यंत्र वापरणाऱ्यांची उत्तरे बरोबर येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्के अंकांनी कमी भरले. हे उच्चशिक्षित, भरपूर पगारी, आणि रेशन ऑफिसातल्या गर्दीपासून दूर बसलेले लोक.

इथवर खंडन. आता माझे म्हणणे. कामाच्या ठिकाणी मूल्ये भाषणात राहत नाहीत, स्वभावातही फार काळ राहत नाहीत. ती जबाबदारीच्या नेमणुकीत राहतात. प्रत्येक निर्णयाला एक धनी हवा. त्याचे नाव जाहीर हवे, त्याच्या हाती थांबवायचा अधिकार हवा आणि पाहायला पुरेसा वेळ हवा. या तिन्ही गोष्टी असतील तर यंत्राचा वाटा दहा टक्के की नव्वद, याची मला फिकीर नाही.

ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे येतात, आणि संपादकाच्या नावापुढे वृत्तनिवडीसाठी पीआरबी कायद्यानुसार जबाबदार अशी ओळ असे. हा वृत्तपत्रे आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा. २०२३ च्या नव्या कायद्याने तो बदलला. इंग्रज सरकारने तो वृत्तपत्रांवर प्रेम म्हणून केला नव्हता, वेळ आली तर पकडायचे कोणाला हे ठाऊक असावे म्हणून केला होता. पण त्यातली संपादकाची व्याख्या मोठी मार्मिक होती: प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराची निवड ज्याच्या ताब्यात असते तो. बातमी कोणी लिहिली, तारेने आली, वृत्तसंस्थेने दिली की उद्या यंत्राने रचली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. निवडले कोणी?

या जबाबदारीची किंमत काय असते हे महाराष्ट्राला १८८२ मध्येच कळले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी दिवाण बर्वे यांच्या नावाची पत्रे हाती आली, ती खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी टीकेची झोड उठवली. पत्रे बनावट ठरली. पत्रे आगरकरांनी बनवली नव्हती, टिळकांनीही नाही. दुसऱ्याने आणून दिलेल्या कागदांवर त्यांनी भरवसा ठेवला होता. तरीही दोघे पंचविशी-सव्विशीतले संपादक डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले, आणि आगरकरांनी बाहेर आल्यावर त्यावर पुस्तकही लिहिले. कायदा कठोर होता, शिक्षा राजकीय होती, सगळे मान्य. तरी बनावट पत्रांवर तुरुंग आणि बनावट निवाड्यांवर नुसती कानउघाडणी, या जवळपास दीडशे वर्षांच्या अंतरात जबाबदारी किती पातळ झाली ते दिसते.

ती पातळ करण्याचा सर्वांत धीट प्रयत्न कॅनडात झाला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या यांत्रिक साहाय्यकाने आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या माणसाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. भरपाई मागितल्यावर कंपनीचा युक्तिवाद असा, की हा साहाय्यक स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, त्याच्या कृत्याला तोच जबाबदार! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने हे उडवून लावले आणि कंपनीला सुमारे ८१२ डॉलर द्यायला लावले. रक्कम किरकोळ आहे. पण हा युक्तिवाद टिकला असता तर उद्या प्रत्येक कचेरीत एक यंत्र नेमून सगळ्या चुका त्याच्या नावावर चढवता आल्या असत्या.

करार कसा असावा याचा नमुनाही उपलब्ध आहे. हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २ मे २०२३ पासून १४८ दिवस संप केला. मिळवले काय? यंत्रावर बंदी नाही. यंत्राने लिहिलेले लेखकाच्या श्रेयात आणि मानधनात कपात करायला वापरता येणार नाही. लेखकाला यंत्र वापरायची सक्ती नाही. त्याला वापरायचे असेल तर कंपनीच्या संमतीने वापरावे. कंपनीने दिलेल्या मजकुरात यंत्राने रचलेले काही असेल तर ते लेखकाला सांगितले पाहिजे. यात ‘समतोल’ शब्दही नाही आणि आत्माही नाही. कोणी कोणाला काय सांगायचे, नाही म्हणायचा हक्क कोणाचा, आणि पैसे कोणाला, एवढेच आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी केलेले धोरण याच जातीचे: निष्कर्ष, निवाडा, आदेश यांसाठी यंत्र वापरायचे नाही, इतर कामाला वापरले तर त्याची नोंद ठेवायची.

वेळेचा प्रश्न मुंबईला तर नव्याने शिकवायला नको. १९२८ मध्ये गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, त्यामागे ‘कार्यक्षमता’ योजना होत्या: दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे. मागाला विरोध नव्हता; पोट मागावरच चालत होते. वाद होता दोन डोळ्यांनी किती माग पाहायचे आणि वाचलेला पैसा कुठे जायचा, याचा. आज उपसंपादकाने, अनुवादकाने, बँकेतल्या कर्जतपासनिसाने तासाला यंत्राचे किती मजकूर, किती अर्ज पाहायचे, हा तोच वाद आहे, आणि तो अजून कोणी नीट मांडलेला नाही. त्याच संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना विचारले होते की जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतच नाहीत, त्याचे काय. तो प्रश्नही आजच्या नमुन्याला लागू आहे. हॉलिवूडच्या लेखकांच्या पाठीशी युनियन होती. यंत्राला सभ्यपणा शिकवण्यासाठी ताशी दोन डॉलरहून कमी पैशांत बीभत्स मजकूर वाचून त्यावर खुणा करणाऱ्या केनियातल्या कामगारांची हकीकत २०२३ मध्ये ‘टाइम’ने छापली, तेव्हा कुठल्याही करारात त्यांचे नाव नव्हते. मूल्यांच्या गप्पा वरच्या मजल्यापुरत्या ठेवायच्या असतील तर सरळ तसे म्हणावे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे: हे सगळे महाग पडेल. पडेलच. माणसाला पाहायला वेळ द्यायचा म्हणजे यंत्राने वाचवलेल्या वेळातला काही परत करायचा. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले होते की तिचा यांत्रिक साहाय्यक ७०० माणसांचे काम करतो. पुढच्याच वर्षी तिच्या प्रमुखांनी कबूल केले की खर्चावर नजर ठेवण्याच्या नादात सेवेचा दर्जा घसरला, आणि ग्राहकाला माणूस मिळेल अशी सोय पुन्हा सुरू केली. बाजारात ही उपरती येते, कारण ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. रेशनच्या रांगेतल्या बाईला दुसरे दुकान नसते. म्हणून सुरुवात खासगी कंपन्यांच्या सदिच्छेपासून न करता सरकारी खात्यांपासून करावी, आणि आपल्याकडे तर लगेच. राज्य सरकारने पोलिसांसाठी २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली आहे. तपास वेगाने होणार असेल तर आनंदच आहे. पण अशा यंत्रणेने उद्या एखाद्याचे नाव संशयितांत आणले, तर ते कुठल्या नोंदीवरून आले, कोणत्या अधिकाऱ्याने ते ठेवले आणि काढायचा अधिकार कोणाला आहे, याचे उत्तर त्या माणसाला मागता आले पाहिजे: लेखी, मराठीत, आणि खाली ठाणेदाराचे नाव व सही असलेले.